चतकोर फिरलेला बगळा

या, असे पुढे या. मागे भिंतीला टेकलात तर डोळा लागेल, आणि ही गोष्ट पेंगत ऐकायची नाही. सरका जरा, गुडघ्याला गुडघा लागला तरी चालेल. आज तुम्हाला एका वहिनीची आणि दिराची गोष्ट सांगतो. ती एकमेकांना पाण्यात पाहायची, आणि दोघांच्या मधे होता हातभर लाकडाचा एक तुकडा. गोष्ट भांडणाची आहे हे आधीच सांगून ठेवतो. शेवटी दोघं गळ्यात गळे घालतील अशी आशा धरून बसू नका. पण भगवंत कधीकधी भांडणाच्या घरातही पाय न वाजवता येऊन जातो. तेवढं पाऊल ऐकू आलं की झालं. चित्त इकडे द्या.

एक कातारीण होती. लाकूड यंत्रावर गरगर फिरवून, पटाशीने सोलून त्याला गोल आकार देतो तो कातारी. हिचा नवरा कातारी, म्हणून लोक हिला कातारीण म्हणायचे. नवरा गेला आणि ती खरोखरीची कातारीण झाली. गल्लीच्या टोकाला त्यांची लांबोडकी खोली. एका अंगाला लाकूड फिरवायचं ते यंत्र, म्हणजे लेथ, दुसऱ्या अंगाला छतापर्यंत रचलेली लाकडं, मधे एक मोठं टेबल, आणि सगळ्यावर पिठासारखा बारीक भुसा. खोलीच्या मागच्या भिंतीपलीकडे मैदान. त्या मैदानावर बेसबॉल खेळायचे, आणि खेळणाऱ्यांच्या लाकडी बॅटी या खोलीतून जायच्या.

प्रत्येक बॅटवर तापलेल्या लोखंडाने एक डाग दिलेला असायचा: एका पायावर उभा बगळा. त्या बगळ्याचा लोखंडी ठसा नवऱ्याने स्वतः कोरून घेतला होता. शोभेसाठी नव्हे. बॅट हातात कशी धरायची, ते तो बगळा सांगायचा. आता हे नीट ऐका, म्हणजे पुढे अडखळायला होणार नाही. बॅटी बहुतेक मेपलच्या, आणि त्या लाकडाला एका बाजूने बारीक उभ्या रेघा असतात, आणि चतकोर फिरवलं की दुसऱ्या बाजूला पसरट लाटांसारखी नक्षी दिसते. चेंडू बसायला हवा तो या लाटांच्या बाजूवर. रेघांच्या बाजूवर बसला तर मेपल दगा देतं. म्हणून बगळा डागायचा रेघांवर. खेळाडूने बगळा आभाळाकडे करून बॅट फिरवली की चेंडू आपोआप लाटांवर येतो. पोरासोरांनाही पाठ होतं, "बगळा वर, चेंडू कुंपणापार."

नवऱ्याला सगळे थोरला म्हणायचे, कारण त्याला एक धाकटा भाऊ होता. त्या धाकट्याला मैदानावर नाव पडलं होतं घण. अंगाने दाराएवढा, मनगट असं की दुसऱ्याची पोटरी वाटावी. चेंडू नुसता लागायची खोटी, की गेला. असा फटकेबाज त्या मैदानाने पाहिला नव्हता. आणि थोरला होता तोवर घणाच्या हातात बॅट मोडलेली कुणी पाहिली नव्हती.

थोरल्याच्या छातीत वर्षानुवर्षांचा भुसा साचला आणि तो अंथरुणाला लागला. घण तेव्हा संघाबरोबर बाहेरगावी. आला तो भाऊ गेल्यावर आला. दारात पाऊल टाकलं तर लेथ चालू, आणि लेथपाशी वहिनी, भावाचा कातडी एप्रन बांधून. तो उंबऱ्यातूनच म्हणाला, "एवढी घाई?"

वहिनीने पटाशी खाली ठेवली नाही. "त्यांनीच सांगितलं होतं, काम थांबवू नकोस म्हणून," हे तिच्या ओठावर आलं होतं. पण खोकल्याच्या उबळीत जो माणूस "धाकटा आला का" विचारत गेला, त्याच्या धाकट्याला हिशेब द्यायला ती काय बांधील होती? ती म्हणाली, "तुम्ही निवांत आलात, भावजी. कुणीतरी घाई करायला हवी होती ना."

झालं. त्या दिवसापासून तो तिला वहिनी म्हणेना. कातारीणबाई म्हणू लागला. ती मात्र भावजीच म्हणायची, पण असं, की ऐकणाऱ्याला तिखट लागावं.

आणि तिने कातलेली बॅट घणाच्या हातात टिकेना. पहिली मोडली तेव्हा लोक हळहळले, दुसरी मोडली तेव्हा कुजबुजले. मग तिसरी.

त्या दिवशी सकाळी कातारीण एका बॅटला तेल चोळत होती. टेबलापाशी संघाचे मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे संघाला शिकवणारे, पांढऱ्या मिशांचे, चहाचा पेला हातात असला की सगळ्या जगाचा न्याय करणारे. दोनतीन खेळाडू हँडल हातात घेऊन बघत होते. तेवढ्यात दार धाडकन उघडलं आणि मोडक्या बॅटींचे तुकडे टेबलावर येऊन आदळले. चहा मास्तरांच्या मांडीवर.

"अरे घण्या! माणसं बसलीयत!"

"माणसांसाठीच आणलंय, मास्तर. बघू देत सगळ्यांना." घणाने बाकीचे तुकडेही ओतले. "तीन. तिन्ही कातारीणबाईंच्या हातच्या. लाकूड कातलंय की पापड लाटलेत, विचारा."

कातारणीने तेलाचा बोळा बाजूला ठेवला. "पापडच लाटायचे होते तर तुमच्या तोंडाच्या मापाने लाटले असते, भावजी. लेथ पुरली नसती."

खेळाडूंपैकी एकाला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात घातलं.

"हसा," घण म्हणाला. काखेतली एक जुनी, पकडीसाठी चोळलेल्या राळेने चिकट काळी पडलेली बॅट त्याने टेबलावर ठेवली, पण ही मात्र अलगद, झोपलेलं मूल ठेवावं तशी. "ही दादाची. शेवटची. दोन हंगाम खेळलो हिच्यावर. हा हंगाम सुरू होताना मुठीपाशी केसाएवढी चीर दिसली, म्हणून बाजूला ठेवली. तरी मोडली नाही. आणि दादा काय म्हणायचा माहितीय? 'धाकट्या, ही बॅट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.' एवढा जीव होता त्याचा माझ्यावर. एवढा जीव ओतून करायचा तो."

हे वाक्य कातारणीला नेमकं कुठे लागलं ते तिलाच ठाऊक. सगळ्या खेळाडूंच्या बॅटींना पॉलिश पेपर मारायची ती, तेल द्यायची ती. पण धाकट्याची बॅट आली की थोरला म्हणायचा, "ठेव, ती मी बघतो." डागसुद्धा स्वतः द्यायचा, हिच्याकडे पाठ करून. इतकी वर्षं एका खोलीत भुसा खाल्ला, पण त्या बॅटीला हिचा हात चालत नव्हता.

"मग?" ती म्हणाली. "काय करायचं म्हणता?"

"रविवारी अंतिम सामना आहे. मी कारखान्याची बॅट घेऊन उतरतो. आणि तुम्ही दादाचा बगळा उतरवा. या मोडक्या काठ्यांवर त्याचं नाव नको. काय डागायचं ते डागा, घुबड डागा."

मास्तरांनी मांडीवरचा चहा पुसायचं सोडून दिलं. कातारणीला लेथ द्यावी लागली असती तरी चाललं असतं, पण बगळा म्हणजे थोरल्याचं नाव होतं. तो गेला, तर या खोलीत थोरल्याचं काय उरलं? भुसा.

"असं करा," मास्तर म्हणाले. "घण्या, लाकूड तू निवड. बॅट कशी हवी तेही तूच सांग. बाई कातील. रविवारी त्याच बॅटने खेळ. मोडली, तर बगळा उतरेल. नाही मोडली, तर तू तोंड बंद ठेवशील. बोला दोघंही."

"कबूल," घण म्हणाला.

"कबूल," कातारीण म्हणाली. "तोंड बंद ठेवणं यांना जमेल का तेवढं बघा."

मग निवड सुरू झाली. रास उपसली. घणाने ॲश नावाच्या लाकडाचा ठोकळा उचलला, परत ठेवला.

"का? तो हलका आहे," मास्तर म्हणाले.

"हलकं हवंय कुणाला? ॲश लवतं. मारलं की त्याचे पापुद्रे निघतात. मला मेपल पाहिजे. टणक."

"टणक माणसाला टणक," कातारीण पुटपुटली.

तो एक देखणा, पिवळसर, जड ठोकळा उचलून उभा राहिला. "हा."

कातारणीने शाईची बाटली उघडली, काडीने एक थेंब ठोकळ्यावर सोडला. लाकूड सरळ असलं की शाई रेघ धरून सरळ उतरते. हा थेंब पसरला आणि तिरका निघाला, काठाकडे.

"दिसायला राजबिंडा, आत तिरका," ती म्हणाली. "घराण्यात आहे तसं एखादं."

घणाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याने ठोकळा बाजूला टाकला. दुसरा घेतला, तिसरा घेतला. मग एक असा आला की त्याने तो कानाजवळ धरला आणि बोटाच्या पेराने ठोकला. आवाज आला तो लाकडाचा नव्हताच जणू. टाळाच्या कडेला नख लागावं तसा, स्वच्छ, लांबत जाणारा. घणाने मान वर केली. कातारणीनेही केली. दोघं एकाच माणसाकडून ते ऐकायला शिकली होती, आणि दोघांनाही त्याच क्षणी तो आठवला. आठवला म्हणून दोघांनी घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

तिने थेंब सोडला. शाई ओळंब्यासारखी सरळ.

"हा," घण म्हणाला.

"चालेल," ती म्हणाली. यापेक्षा गोड शब्द त्या दिवशी त्या खोलीत उच्चारला गेला नाही.

"आता आकार," मास्तर म्हणाले.

"पोट मोठं. जितकं नियमात बसतं तितकं. मूठ बारीक. वजन सगळं टोकाला."

"टोकाला खळगा पाडू? वाटीसारखा? फिरवायला सोपी जाते," कातारीण म्हणाली.

"सोपी कुणाला हवीय? खळगा नको. टोक भरीव. बॅट फिरली की तिने मला ओढून न्यायला हवं."

"बारीक मूठ, जड टोक. मोडायला याहून सोयीचा आकार नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर सांगून ठेवते."

"दादाने कातली होती तशीच. त्याची मोडली नाही."

खरंच, त्याची मोडली नव्हती.

सगळे गेले. घण जुनी बॅट मापासाठी ठेवून गेला. जाताना दोनदा बजावून गेला की हिला ओरखडा आला तर बघा. कातारणीने दार लावलं. मोडके तुकडे टेबलावर तसेच होते. ती रागारागाने ते गोळा करू लागली, आणि करता करता तिचा हात थांबला.

बॅटवर चेंडू बसला की काळसर डाग उमटतो, शिवणीच्या नक्षीसकट. तो कुठे असायला हवा? बगळ्यापासून चतकोर अंतरावर, लाटांच्या बाजूला. या तुकड्यावर तो होता बगळ्याच्या बरोबर पाठीमागे, रेघांवर. तिने दुसरी बॅट जुळवली. तिथेही बगळ्याच्या पाठीवर. तिसरीवरही तिथेच.

ती खुर्चीवर बसली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मेल्याला बॅट धरता येत नाही! बगळा आभाळाकडे धरून उभा राहत असेल, ते सगळे बघतात. पण चेंडू सुटला की त्या राक्षसी मुठी ओलं धुणं पिळावं तशा वळत असतील, आणि बॅट हातात चतकोर फिरत असेल. एवढुसं, पापणी लवायच्या आत. लांबून कुणाला दिसणार? तीन बॅटी याने स्वतःच्या हाताने मोडल्या आणि गावभर माझी अब्रू काढत फिरला!

ती उठली सुद्धा. मास्तरांकडे जायचं, तुकडे त्यांच्यापुढे टाकायचे, सगळा संघ जमवून दाखवायचं. तिथे बोलायचं एकेक वाक्य तिने जुळवलं. पण तेवढ्यात तिच्यातली कातारीण म्हणाली, थांब. मग थोरल्याची का मोडली नाही?

तिने जुनी बॅट उचलली. चिकट काळ्या थराखाली लाकूड दिसत नव्हतं. पात्याने हळूच थोडं खरवडलं. चेंडूचे डाग इथेही बगळ्याच्या पाठीवरच होते, एकावर एक, दोन हंगामांचे. म्हणजे घण तेव्हाही मुठी पिळतच होता. मग तिने बगळ्याच्या भोवतीचं खरवडलं.

खाली लाटा होत्या.

तिचा विश्वास बसेना. तिने खिडकीपाशी नेऊन पाहिलं. थोरल्याने बगळा चुकीच्या बाजूला डागला होता. तो थोरला, ज्याने एकदा तिच्या हातून बगळा केसभर सरकला म्हणून ती बॅट सरपणात टाकली होती! एवढी ढोबळ चूक त्याच्याकडून? आणि तीही धाकट्याच्या बॅटवर, जिला तो कुणाला हात लावू देत नसे, जिच्यावर डाग देताना पाठ करून उभा राहायचा?

आणि मग तिला कळलं. श्रोतेहो, कळणं हे असं असतं. आभाळ फाटत नाही, शंख वाजत नाहीत. एक बाई खिडकीपाशी हातात काळी बॅट घेऊन उभी असते, बस.

ती चूक नव्हती. धाकटा मुठी चतकोर पिळतो, म्हणून थोरल्याने बगळाच चतकोर फिरवला होता. धाकट्याने बगळा वर धरायचा, मग पिळायचं, आणि पिळून झाल्यावर चेंडू यायचा तो थेट लाटांवर. दुसऱ्या कुणी तीच बॅट नीट धरली असती, तर मात्र मोडली असती. 'ही बॅट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही.' तो जीव नव्हता, ती ताकीद होती. आणि पाठ केली होती ती बायकोपासून लपवायला नव्हे. जगापासून लपवायला.

पण भावाला सांगितलं का नाही? तेही तिला आठवलं. घण कोवळा होता तेव्हा मास्तर त्याला म्हणाले होते, "तुझा पुढचा पाय आधी पडतो रे." बस, एवढंच. पोरगा आपल्या पायाकडे बघायला लागला, आणि तो अख्खा हंगाम चेंडू त्याला सापडला नाही. घरी येऊन उशीत तोंड खुपसायचा. तेव्हा थोरला जेवता जेवता म्हणाला होता, "याला याच्या अंगाबद्दल काही सांगायचं नाही. काय सांगायचं ते लाकडाला सांगायचं."

तिने बॅट टेबलावर ठेवली. आता तिच्या हातात काय होतं, बघा. एक शब्द. तो शब्द सगळ्यांसमोर उच्चारला, की तिची अब्रू धुतल्यासारखी परत. बगळा कायमचा तिचा. आणि घण आपल्या मुठींकडे बघायला लागणार, अंतिम सामन्यात, सगळ्या गावासमोर. एका शब्दात दोन्ही. 'एवढी घाई?' याचं उत्तर यापेक्षा चोख कुठलं असणार? तिला तो शब्द जिभेवर गोड लागत होता, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. ती देवमाणूस नव्हती. तिने तो चघळला, चांगला चघळला.

मग लेथ सुरू केली.

ठोकळा फिरू लागला. पटाशी लागली की लांबच लांब साली निघत होत्या. पोट मोठं ठेवलं, मूठ बारीक, टोक भरीव, अगदी जुन्या बॅटच्या मापाने. घासली, तेल दिलं. शेगडीवर बगळा लाल केला, बॅट फिरवली, रेघांवर हात आपोआप थांबला. इतक्या वर्षांची सवय. तिने दात आवळले, बॅट चतकोर पुढे फिरवली, आणि लाटांवर बगळा टेकवला. धूर निघाला. "तुमच्या भावासाठी नाही हं," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "तुम्ही बोलला नाहीत, म्हणून."

रविवारी सामन्याआधी घण आला, मास्तर आले, अर्धा संघ आला. बॅट टेबलावर होती. मास्तरांनी चष्मा लावून ती हातात घेतली, फिरवली, आणि त्यांच्या मिशा खाली आल्या.

"बाई, हे काय केलंत? बगळा लाटांवर! चुकीच्या बाजूला!"

कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, "कातारणीला बाजू कळत नाही?" कुणीतरी म्हणालं, "म्हणूनच मोडतात." तेल चोळणाऱ्या बाईच्या हातात लेथ दिली की असंच व्हायचं, असंही कुणीतरी म्हणालं. आणि हसले, मोकळेपणी हसले. एकदा खोकल्यात हसू लपवणारा तो खेळाडूसुद्धा आता दात काढत होता.

शब्द अजून तिच्या जिभेवर होता. आता थुंकला असता तरी कुणी दोष दिला नसता.

"मला असाच हवा होता," ती म्हणाली.

"अहो, पण मोडेल!"

"बगळा माझा आहे, मास्तर. निदान आज संध्याकाळपर्यंत. मला वाटेल तिथे उभा करीन."

घण हसला, कडवट. "बघा, मास्तर. आता दादाने शिकवलेलंही राहिलं नाही यांच्यात." त्याने बॅट हिसकावून घेतली. "मोडू दे. सगळ्यांसमोर मोडू दे." तो दाराकडे वळला.

"भावजी."

"काय?"

ती लेथवरचा भुसा झटकत होती, त्याच्याकडे न बघता. "ती बॅट दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

घण दारात थांबला. दाराएवढा माणूस, सगळा उजेड अडवून थांबला. पाठच दिसत होती. त्याचा अंगठा बगळ्याकडे सरकला, आणि विस्तवाला लागावा तसा मागे आला.

"आणि दार ओढून घ्या जाताना," ती म्हणाली. "भुसा उडतो."

सामना पाहायला ती गेली नाही. बघायची गरजही नव्हती. मागची भिंत पातळ होती आणि तिचे कान जाड नव्हते. घणाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने लेथ बंद केली. मैदान शांत झालं. ती भिंतीला तळवा टेकून उभी राहिली. देवाचं नाव घ्यावं असं तिला वाटलं, पण काय मागावं ते सुचेना. याचं भलं कर म्हणायला जीभ वळेना, वाईट कर म्हणायला मन होईना. शेवटी ती म्हणाली, "लाकूड सांभाळ."

लाकूड मोडतं तेव्हा कडकड होते, सुकं हाड मोडावं तशी. तो आवाज तिला पाठ होता.

आला तो आवाज एकच. टण्ण. ठोकळा पेराने ठोकला होता तेव्हाचाच, फक्त आभाळाएवढा. मग क्षणभर काही नाही, आणि मग सगळं मैदान उठलं. भिंतीवरचा भुसा थरथरून खाली पडला. ती खाली बसली, एप्रन तोंडाला लावला, आणि रडली की हसली ते मी सांगणार नाही. ते तिचं तिला.

उजेड असतानाच घण आला. एकटाच. बॅटच्या पोटाला त्याने टॉवेल गुंडाळला होता, घट्ट, वर दोरी बांधून. ती बॅट त्याने टेबलावर ठेवली.

"मोडली नाही," तो म्हणाला.

"ऐकलं."

"लाकूड मी निवडलं होतं."

"तुम्हीच. आता तोंड बंद ठेवायचं ठरलंय."

तो उभाच राहिला. लेथकडे पाहिलं, एप्रनकडे पाहिलं. "सामना संपल्यावर एक जण म्हणाला, जरा हातात देतोस का. दिली नाही."

"बरं केलंत."

"हा टॉवेल मी बांधलाय. बॅटवर डाग कुठे पडलेत ते मी बघितलेलं नाही. बघणारही नाही." त्याचा आवाज चिडका होता, जणू तिनेच काही चोरलं होतं. "काहीतरी आहे. दादाला ठाऊक होतं, आता तुम्हाला ठाऊक आहे. मी विचारणार नाही. तुम्ही सांगू नका."

"मी कशाला सांगतेय?"

"आणि मी तुम्हाला चांगलं म्हणणार नाही. तुम्ही त्या दिवशी लेथ चालवत होतात."

"आणि तुम्ही नव्हतात. तेही मी विसरणार नाही." तिने टॉवेलसकट बॅट उचलून कोपऱ्यात ठेवली. "पुढची कधी हवी?"

"लवकर."

"मग लाकूड निवडून जा. आणि पाय पुसून आत या, मैदानातली माती घेऊन आलायत."

त्याने पाय पुसले. दोघं राशीशी उभी राहिली, मधे अंतर ठेवून, एकेक ठोकळा ठोकत. तो ठोके, ती नाही म्हणे. ती ठोके, तो नाक मुरडे. भांडण काही मिटलं नाही, श्रोतेहो. ती दोघं म्हातारी झाली तरी मिटलं नाही. आणि पुढेही पुष्कळ दिवस लोक म्हणत राहिले की कातारणीला बगळ्याची बाजू कळत नाही, घणाच्या बाहूंनी बॅट तारली. तिने एकदाही उलटून सांगितलं नाही.

आता उठण्याआधी माझं एक मागणं आहे. कातारणीची आठवण तुम्ही ठेवालच, ती गोष्टीत पुढे उभी होती. पण तो थोरला बघा, गोष्टीत आला तोच मुळी गेलेला, आणि अर्ध्यात तर आपणही त्याला विसरलो. भावाची खोड त्याने भावालाही कळू दिली नाही. लाकूड फिरवून घेतलं आणि पाठ करून उभा राहिला. तुमच्या हातात कधी एखादी वस्तू अशी चपखल बसली, की वाटावं किती हुशार आपले हात, तेव्हा क्षणभर थांबा. कुणीतरी तुमच्यासाठी बगळा चतकोर फिरवला असेल. त्याचं नाव ठाऊक नसलं, तर थोरल्याचं घ्या. तेवढी आठवण त्याला पोचवा.